बाड

एकदा माणूस मराठीचा मास्तर झाला, की त्याला काहीही वाचायला देण्याचा हक्क समाजाला आपोआप मिळतो. डॉक्टर दिसला की लोक जीभ बाहेर काढतात, वकील दिसला की सातबारा काढतात आणि मास्तर दिसला की खिशातून घडी घातलेला कागद काढतात. वर ‘जरा नजर टाका’ असं म्हणतात. चौतीस वर्षांच्या नोकरीत मी लग्नपत्रिकांच्या प्रुफांवर नजर टाकली, सत्यनारायणाच्या निमंत्रणांवर टाकली, श्रद्धांजलीच्या फलकांवर टाकली. एका गृहस्थांच्या मृत्युपत्रावरसुद्धा टाकली. त्या मृत्युपत्रात मी फक्त एक स्वल्पविराम हलवला होता. पण त्यामुळे आंब्याची दोन कलमं आपल्याकडून थोरल्याकडे गेली, असं त्यांच्या धाकट्या मुलाचं म्हणणं. तो अजून माझ्याशी बोलत नाही.

निवृत्त झाल्यावर हे थांबेल असं वाटलं होतं. झालं उलटंच. निवृत्त मास्तर म्हणजे दिवसभर उघडं आणि पूर्णपणे फुकट दुकान. त्यामुळे परवा माझी एक जुनी विद्यार्थिनी दारात येऊन, “सर, जरा नजर टाकाल?” असं म्हणाली, तेव्हा मी सवयीने हात पुढे केला. तिने हातावर काहीच ठेवलं नाही.

“कागद कुठाय?”

“कागद नाही सर. लिंक पाठवलीय.”

आता ही लिंक मला कशी मिळाली हे सांगण्याआधी मी कुठे राहतो ते सांगायला हवं.

मी राहतो धरमतरला. हे गाव तुम्ही पाहिलेलं आहे. फक्त तुम्हाला ते ठाऊक नाही. शनिवारी सकाळी मुंबईची मंडळी मोटारीत बसून अलिबागला निघतात, वडखळच्या नाक्यावर वाहनांच्या रांगेत उभी राहून आयुष्याचा विचार करतात, मग उजवीकडे वळतात. थोड्या वेळाने एका पुलावर गाडी चढते आणि मागच्या सीटवरून कुणीतरी ‘अय्या, समुद्र!’ म्हणून ओरडतं. तो समुद्र नव्हे. ती अंबा नदीची खाडी. आणि तुम्ही ‘अय्या’ म्हणेपर्यंत जे मागे पडलं, ते धरमतर.

एके काळी आमची अशी अवस्था नव्हती. मुंबईहून निघालेल्या बोटी इथल्या धक्क्याला लागत आणि अर्धा जिल्हा इथे उतरून पेण, नागोठणं, महाडकडे रवाना होई. तेव्हा जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं. १९८१ साली ते रायगड झालं. बोटी गेल्या, आता खाडीतून पोलादाच्या कारखान्याचा माल घेऊन बार्ज जातात. त्यात माणूस बसत नाही. गावाच्या नावाबद्दल माझी स्वतःची एक व्युत्पत्ती आहे. ‘तर’ म्हणजे माणसांना पैलतीरी नेणारी होडी. धर्माची तर ती धरमतर. म्हणजे कुणा पुण्यवान माणसाने इथे लोकांना फुकट खाडीपार न्यायची सोय केली असावी. या व्युत्पत्तीला कसलाही आधार नाही. पण व्युत्पत्तीला आधार लागला असता, तर मराठीचे निम्मे मास्तर मुके झाले असते.

तर अशा या गावात पूर्वी लोक भरतीची वेळ बघून धक्क्यावर जात, कारण भरतीशिवाय बोट लागत नसे. आज मी संध्याकाळी मोबाइल घेऊन धक्क्याकडे जातो, कारण घरात लिंक लागत नाही. काळ बदलला, वाट बघायची जागा तीच राहिली.

“पण हे आहे काय?” मी तिला विचारलं.

“माझा पोर्टफोलिओ, सर. शेवटच्या वर्षाला आहे. तीस मार्कांचा. आणि मुंबईला एका ठिकाणी मुलाखत आहे, तेही आधी हाच बघणार.”

पोर्टफोलिओ हा शब्द मला तसा परका नाही. मंत्र्यांना पोर्टफोलिओ असतो. तो मनासारखा नाही मिळाला तर ते रुसतात. शेअरवाल्यांना असतो, तो पडला की ते रुसतात. पण पेणला बस बदलून कॉलेजला जाणाऱ्या एकवीस वर्षांच्या पोरीला तो कशाला, हे कळेना.

“सर, आपण जे जे लिहिलं, त्यातलं चांगलं निवडून एका जागी ठेवायचं. नोकरी देणाऱ्याने विचारलं की लिंक द्यायची.”

“अगं, म्हणजे बाड!”

“बाड म्हणजे?”

मला वाईट वाटलं. तीन वर्षं मी हिला मराठी शिकवलं आणि हिला बाड ठाऊक नाही! म्हटलं, “बाड म्हणजे फडक्यात बांधलेलं आपलं सगळं लेखन. आमच्या वेळी लेखक ते काखेत मारून लोकांच्या मागे लागत. लोक रस्ता बदलत.”

“आताही तसंच आहे सर,” ती म्हणाली, “फक्त लिंक हलकी असते.”

पोरगी हुशार आहे, हे मी दहावीतच ओळखलं होतं.

संध्याकाळी धक्क्याजवळच्या कठड्यावर बसून मी ते बाड उघडलं. पहिल्याच पानावर तिचा फोटो आणि शेजारी ‘माझ्याविषयी’. त्यात लिहिलं होतं की, ती एक ‘पॅशनेट स्टोरीटेलर’ असून ‘ब्रँड्सना त्यांचा आवाज शोधून देते’. आमच्या शाळेत गृहपाठ का केला नाही हे सांगणाऱ्या प्रत्येक मुलाला मी स्टोरीटेलर म्हणत असे, पण त्याबद्दल कुणाला नोकरी दिल्याचं आठवत नाही. आवाजाचं म्हणाल, तर ही मुलगी वर्गात उत्तर देताना मला कधी शेवटच्या बाकापर्यंत ऐकू आली नाही. ती ब्रँडांना आवाज शोधून देते म्हणजे प्रगतीच म्हणायची.

पुढच्या पानावर पेणच्या पोह्याच्या पापडांची जाहिरात होती. ‘परंपरेचा कुरकुरीत अनुभव.’ परंपरा कुरकुर करते हा अनुभव मलाही आहे, पण तो सासुरवाडीचा. त्यानंतर गणपतीच्या एका कारखान्याची यादी. पेण, हमरापूर, जोहे या भागात गणपतीच्या मूर्तींचे कारखाने किती, हे मोजायला बसलं तर पुढचा गणेशोत्सव येईल. इथला गणपती कुठल्या कुठे जातो. जे भक्त परदेशात राहतात त्यांचे बाप्पा त्यांच्याआधी कित्येक महिने बोटीत बसतात. त्या सगळ्यांची माहिती हिने सुबक लिहिली होती : शाडू की प्लास्टर, उंची किती, बैठक कोणती, सोंड कुठल्या बाजूला, रंग कोणता. एका ठिकाणी मात्र ‘प्रीमियम फिनिश, हलकं वजन, हाताळायला सोपा’ असं वाचून मी दचकलो. विघ्नहर्त्याबद्दल इतकं मोकळेपणाने आजवर कुणी बोललं नव्हतं.

त्यापुढे खाडीपलीकडच्या एका रिसॉर्टचं वर्णन होतं. ‘निळ्याशार लाटांच्या कुशीत.’ ती जागा मी पाहिली आहे. ओहोटीला तिथे लाटा नसतात, चिखल असतो, आणि त्याच्या कुशीत शिरलेला माणूस दोरीने ओढून काढावा लागतो.

आणि मग प्रमाणपत्रं! चौदा होती. कुठलं दोन तासांच्या कार्यशाळेचं, कुठलं चाळीस मिनिटांच्या व्याख्यानाचं, एक तर ‘उपस्थित राहण्याची इच्छा व्यक्त केल्याबद्दल’ असावं असा मला संशय आहे. घरी येऊन मी सौ.ला म्हणालो, “बघ. आणि आपल्याच तालुक्यातल्या गागोद्याचे विनोबा बघ. १९१६ साली इंटरच्या परीक्षेला म्हणून बडोद्याहून मुंबईच्या गाडीत बसले आणि सुरतेला उतरून काशीला गेले. त्याआधी आईसमोर बसून सगळी प्रमाणपत्रं चुलीत घातली होती! पुढे ‘गीताई’ लिहिली ती काय प्रमाणपत्रांच्या जोरावर?”

सौ. भाजी निवडत होती. ती म्हणाली, “चुलीत घालायला आधी मिळवावी लागतात. त्या पोरीला तिची मिळवू द्या. आणि चूल आता आहे कुठे?”

सौ.शी वाद घालताना मी नेहमी दुसरा दाखला तयार ठेवतो. म्हटलं, “बरं, चिंतामणराव देशमुख घे. बालपण रोह्याचं. १९१२च्या मॅट्रिकला पहिले, १९१८ला आय.सी.एस.ला पहिले, १९४३ला रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. एवढ्या व्यापात माणसाने ‘मेघदूत’ मराठीत आणलं. पण लोकांनी त्यांच्या हातचं सर्वांत जास्त काय वाचलं असेल? नोटेवरची सही!”

“मग त्या पोरीलाही सांगा,” सौ. म्हणाली, “असं लिही की खाली सही केली की लोकांनी खिशात जपून ठेवलं पाहिजे.”

मी मोबाइल उघडून बसलो. घरात अर्थातच लिंक नव्हती.

दुसऱ्या संध्याकाळी शेवटचं पान वाचलं. त्याचं नाव ‘चिंतन’. आपल्या लेखनातून आपण काय शिकलो यावर विद्यार्थ्याने स्वतः लिहायचं, म्हणे. तीसपैकी दहा मार्क त्यालाच. वाचायला सुरुवात केली. ‘या लेखनप्रवासाने मला एक संवेदनशील संवादक म्हणून घडवले. माझ्या सर्जनशीलतेची क्षितिजे विस्तारली आणि माझ्या अभिव्यक्तीला नवे आयाम लाभले.’ असे सहा परिच्छेद. एकही काना चुकलेला नाही, वेलांटी चुकलेली नाही, एकही ऱ्हस्व दीर्घ नाही की दीर्घ ऱ्हस्व नाही.

मला तिथेच शंका आली. ही मुलगी आठवी ते दहावी ‘आणि’ हा शब्द ‘आणी’ असा लिहीत आली. तीन वर्षांत मी लाल शाईच्या किती बाटल्या त्या एका वेलांटीवर खर्च केल्या त्याचा हिशेब नाही. बोर्डाच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी मी तिला शंभर वेळा ‘आणि’ लिहायला लावलं होतं. तिने शंभर वेळा लिहिलं आणि खाली टीप दिली : ‘सर, पूर्ण झाले आणी तपासले.’ अशा हातून सहा परिच्छेद निर्दोष येणं म्हणजे आमच्या खाडीचं पाणी गोड लागण्यासारखं होतं.

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा विचारलं, “हे चिंतन तू लिहिलंस?”

ती पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाली, “थोडी ए.आय.ची मदत घेतली, सर.”

“थोडी म्हणजे कशात?”

“लिहिण्यात.”

मला राग यायला हवा होता. पण खरं सांगू? मला उगाचच पोरकं वाटलं. ज्या वेलांटीसाठी मी हयात घालवली ती यंत्राने एका क्षणात सरळ केली. आणि ती सरळ झाल्यावर माझ्या लक्षात आलं, की त्या वाकड्या वेलांटीवरूनच मी ही पोरगी ओळखत होतो. सहा परिच्छेद चाळूनही त्यात मला ती कुठे सापडेना. ते चिंतन केरळातल्या मुलाचं असू शकलं असतं, कॅनडातल्या आजोबांचं असू शकलं असतं. धरमतरच्या खारट वाऱ्याचा त्याला वासही लागला नव्हता.

त्या रात्री मी माळ्यावरची ट्रंक काढली. सौ.ने नुसतं “आता काय?” एवढंच विचारलं. लग्नाला इतकी वर्षं झाली की प्रश्न आखूड होत जातात.

ट्रंकेत माझं बाड होतं. सौ.च्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेलं. अकरा कथा, प्रत्येकीसोबत ‘साभार परत’ची चिठ्ठी. त्या काळी आपल्याच पत्त्याचं, आपल्याच पैशाचं तिकीट लावलेलं पाकीट सोबत पाठवावं लागे. म्हणजे अपमान घरपोच मिळावा म्हणून आपणच आगाऊ खर्च करायचा. शिवाय एक तीन अंकी नाटक. त्याचा दुसरा अंक वाळवीने खाल्लाय. सौ. म्हणते, निदान एकीला तरी तो पचला. मी त्या कथा वाचून बघितल्या. नायक सगळे मुंबईचे होते. मी तोवर मुंबई चार वेळा पाहिली होती. एका कथेत चक्क बर्फ पडत होता. आणि ‘निळ्याशार लाटांच्या कुशीत’ हे शब्द मला माझ्याच अक्षरात सापडले! मी ते पान हळूच उलटं करून ठेवलं.

मग बराच वेळ मी ट्रंकेपाशी तसाच बसून राहिलो. कारण मी आयुष्यात सर्वांत जास्त जे लिहिलं, त्यातला एक कागदही त्या बाडात नव्हता. मी नोकरीला लागलो तेव्हा १९८२च्या गिरणी संपानंतर गावी परतलेली माणसं घरोघर होती. त्यांचे फंडाचे अर्ज, थकलेल्या देण्यांचे अर्ज मी लिहिले. शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख चुकली म्हणून अर्ज, एस.टी.चा थांबा हवा म्हणून अर्ज, सुनेचं नाव रेशनकार्डावर चढवा म्हणून अर्ज. ओटीवर बसून, मांडीवर फळी घेऊन. कुणाची प्रत ठेवली नाही. ते काय लेखन होतं? अर्ज होता. त्याच्या खाली सहीसुद्धा दुसऱ्याची, नाहीतर अंगठा. एका गिरणी कामगाराला फंड मिळाला तेव्हा त्याने संध्याकाळी माझ्या दारात हातभर लांबीचा जिताडा आणून ठेवला. लेखनासाठी मला मिळालेलं तेवढंच मानधन. सौ.ने तो तळला. अकरा कथांपैकी एकीनेही घरात असा वास दरवळवला नाही.

इथवर मी आलो होतो आणि कदाचित इथेच थांबलो असतो. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पोरीची आजी आली. डोक्यावर पदर, हातात प्लॅस्टिकची पिशवी.

“मास्तर, जरा बघा. कचेरीत पुन्हा देवाचा हाय. नातीनं लिवलाय. बरोबर हाय का नाय तेवढा सांगा.”

मी नजर टाकली. अर्जाची झेरॉक्स होती, अक्षर ओळखीचं.

आमच्याकडची शेती कशी असते ते इथे सांगायला हवं. खाडीकाठची जमीन म्हणजे खारजमीन. बांध घालून भरतीचं पाणी बाहेर ठेवायचं, उघाडीतून पावसाचं पाणी बाहेर सोडायचं आणि मधल्या जमिनीत भात लावायचं. पिढ्यान्‌पिढ्या माणसाने समुद्राकडून उसनी घेतलेली ही जागा. बांधाची डागडुजी हा तिचा हप्ता. हप्ता चुकला, की अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला बांधाला खांड पडते आणि समुद्र आपली जागा परत मागायला आत येतो. एकदा खारं पाणी शिरलं, की जमीन पुढच्या वर्षीही रुसलेली असते. पाणी येत-जात राहिलं तर तिथे कांदळ उगवतं. कांदळाला कायद्याचं संरक्षण आहे, आणि असायलाच हवं. किनारा तेच राखतं. पण ते बाईच्या भाताच्या शेतात उगवलं, तर बाईने कुणाचं संरक्षण मागायचं?

अर्जात लिहिलं होतं :

‘तीन वर्षांपूर्वीच्या उधाणाला बांधाला खांड गेली. तेव्हा ती चार हात होती. आता तिच्यातून बैलगाडी जाईल. शेतात कांदळाची झाडे माझ्या खांद्याएवढी झाली आहेत. सातबाऱ्यावर मात्र अजून भातच पिकते आहे. माझे वय बहात्तर आहे आणी मला भात लावता येतो. दुसरे काही लावता येत नाही. कृपया पुढच्या उधाणाच्या आत खांड बघून जावी. येणाऱ्या साहेबांना वाट दाखवायला मी बांधावर उभी राहीन.’

मी चष्मा काढून पुसला. चष्मा स्वच्छ होता.

‘सातबाऱ्यावर मात्र अजून भातच पिकते आहे.’ हे वाक्य माझ्या अकरा कथांत मिळून नाही. आणि मधोमध ती ‘आणी’! जुनी मैत्रीण रस्त्यात भेटावी तसं झालं. यात यंत्र नव्हतं. यात ती होती, तिची आजी होती, खांड होती, आणि खांडीची रुंदी होती.

संध्याकाळी मी पोरीला बोलावून विचारलं, “हा अर्ज तुझ्या पोर्टफोलिओत का नाही?”

ती बघतच राहिली. “सर, तो काय… लेखन थोडंच आहे? अर्ज आहे.”

माझंच वाक्य, माझ्याच विद्यार्थिनीच्या तोंडून! मास्तर जे शिकवतो ते मुलं विसरतात. जे शिकवत नाही ते बरोबर उचलतात.

म्हटलं, “हे बघ. पूल ओलांडून गेलीस की पलीकडे चरी आहे. तिथल्या कुळांनी खोतांविरुद्ध संप केला. १९३३ ते १९३९. शेतं कसली नाहीत. उपाशी राहिली, हटली नाहीत. त्या धामधुमीत १९३७ साली नारायण नागू पाटलांनी ‘कृषीवल’ काढला. तो काय कुणी पॅशनेट स्टोरीटेलर म्हणून काढला? ज्यांचं म्हणणं कुणी ऐकत नव्हतं, त्यांचं म्हणणं कागदावर यावं म्हणून काढला. तो या मातीतला मोठा अर्जच. तू ब्रँडांना आवाज शोधून देतेस ना? तुझ्या आजीला कोण देणार?”

भाषण बरं झालं होतं. मला टाळीची सवय नाही, पण निदान मान हलेल अशी अपेक्षा होती. ती विचारात पडून म्हणाली, “पण सर, मग आजीचं नाव, गट नंबर, गाव, सगळं झाकावं लागेल. असं उघड्यावर नाही टाकता येत. आणि आजीला विचारावं लागेल.”

मी गप्प झालो. चौतीस वर्षं लोकांच्या खासगी गोष्टी ओटीवर बसून मोठ्याने वाचत मी लिहून घेतल्या होत्या. येणारा-जाणारा ऐकत असे. हे झाकायचं माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं. कॉलेजात काहीतरी शिकवतात म्हणायचे.

आजीला विचारलं. तिला पोर्टफोलिओ समजावून सांगायला मला दहा मिनिटं लागली. नातीला एक वाक्य पुरलं. “आजी, तुझा अर्ज मुंबईची माणसं वाचतील, चालेल?”

“घाल की,” आजी म्हणाली. “कचेरीत कोनी वाचला नाय. तिकडं तरी वाचतील.”

मग चिंतन नव्याने लिहायचं ठरलं. तिने ते माझ्या ओटीवर बसून लिहिलं, मोबाइल सौ.च्या ताब्यात देऊन. तीन संध्याकाळी लागल्या. पहिल्या संध्याकाळी ‘लेखनप्रवास’ हा शब्द तीनदा आला आणि तीनदा गेला. शेवटी एक पान झालं. त्यात तिने लिहिलं होतं, की पापडाच्या जाहिरातीत मी परंपरा लिहिली, पण पापड लाटणाऱ्या बायकांना एकदाही विचारलं नाही की हात कुठे दुखतो. रिसॉर्टची निळी लाट मी पाहिलेली नाही. ओहोटीचा चिखल मात्र रोज पाहते. अर्ज लिहिताना आजी म्हणाली, ‘खांड मोठी हाय’. मी विचारलं, ‘केवढी?’, ती म्हणाली, ‘बैलगाडी जाईल.’ तेव्हा मला कळलं की ‘केवढी’ हे विचारल्याशिवाय लिहायचं नसतं.

मी लाल पेन घेऊन बसलो होतो. पानात दोन चुका होत्या. एक दुरुस्त केली. दुसरी ‘आणी’ होती. तिच्यावरून पेन दोनदा फिरवलं, आणि चौतीस वर्षांत पहिल्यांदा टोपण लावून खिशात ठेवलं. ती कागद घेऊन घरी गेली आणि रात्री तिचा निरोप आला : ‘सर, तुमच्याकडून एक चूक राहिली होती. मी सुधारली.’

तीसपैकी तिला चोवीस मिळाले. मुंबईच्या मुलाखतीत तिला पापडाबद्दल काही विचारलं नाही, गणपतीबद्दल नाही. समोरच्या बाईंनी एवढंच विचारलं, की आजींच्या शेताचं पुढे काय झालं? नोकरीचं अजून कळलेलं नाही. शेताचं कळलं. कचेरीकडून पत्र आलं, की अर्ज मिळाला असून तो पुढील कार्यवाहीसाठी वर्ग करण्यात आला आहे. आमची मुलंसुद्धा दर वर्षी वर्ग होत, पण ती निदान वरच्या वर्गात जात. खांड अजून आहे तिथेच आहे. ते पत्रही पोरीने पोर्टफोलिओत लावलं, ‘प्रतिसाद’ या मथळ्याखाली. आजी मात्र उधाण जवळ आलं की अजून सकाळची बांधावर जाऊन उभी राहते. अर्जात तसं लिहिलंय ना.

अर्जाची बातमी गावात पसरायला लिंक लागत नाही. रविवारी पोरीच्या ओटीवर तीन बाया पिशव्या घेऊन बसलेल्या दिसल्या. एकीच्या शेतातही कांदळ आहे, एकीच्या नावात चूक आहे, तिसरीला नुसतंच बोलायचं होतं. पोरगी प्रत्येकीला ‘केवढी?’, ‘कधीपासून?’ असं विचारून लिहून घेत होती. पैसे घेत नाही. मी पुलाकडे फिरायला चाललो होतो, तो तिथेच थांबलो. माझ्या व्युत्पत्तीला आधार नव्हता, असं मी वर म्हटलंय. तो त्या दिवशी मिळाला.

परवा ती येऊन म्हणाली, “सर, तुमचंही बाड द्या. मी टाइप करते. तुमचा पोर्टफोलिओ करू.” मी अकरा कथांचं गाठोडं हातात घेतलं आणि पुन्हा माळ्यावर ठेवून दिलं. म्हटलं, नको, फक्त ‘माझ्याविषयी’चं पान करू. ते मी स्वतः लिहीन. बसलो. तीन संध्याकाळी गेल्या. ‘संवेदनशील संवादक’ माझ्याही पेनाच्या टोकाशी दोनदा येऊन गेला. शेवटी दोन ओळी उरल्या :

‘धरमतरला राहतो. अर्ज लिहून देतो.’

सौ.ला दाखवलं. तिने कागद लांब धरून वाचला आणि म्हणाली, “बरं आहे. पण खाली वेळ घाला. नाहीतर लोक दुपारी जेवायच्या वेळी येतात.”